ओ द्यायचं काम

— न्हाई ताई, जेवणावरनं न्हाई गेली तानुबाई. तसं मी फोनवर विश्वजितला म्हणलो, त्यानं तुमाला सांगितलं — पोराला दुसरं काय सांगायचं? तुमी साताऱ्यावरनं एवढ्या आलाय, आदी च्या घ्या. हळू बोला फकस्त, आत म्हातारीचा, आमच्या हरणाबाईचा, डोळा लागलाय.

तुमची काय चूक न्हाई. तुमी एकट्या, ना हापिस ना पाटी, गावोगाव फिरून दवाखान्यांना माणसं मिळवून देता — आन् आमी काय काम सांगितलं? म्हातारीला न्हाऊ-खाऊ घालायचं कोणबी करंल. खरं काम ओ द्यायचं. दिसभर हाक मारती — मंगल, ए मंगल — मंगल आमची लेक, जाऊन लय वर्सं झाली, म्हातारी तेच इसरली. कुणी ओ दिली न्हाई तर उठती आन् धडपडत रस्त्याला लागती, लेकीला हुडकायला. मी बघितली की देऊन, बारीक आवाज काढून — हसू नगा — तर म्हणली, आवं, तुमी का वरडताय, पोरीला धाडा. विश्वजितनं सांगून ठेवलंय, ह्या खेपंला कुणी टिकलं न्हाई तर आईला सांगलीच्या आश्रमात ठेवायची. त्याचंबी खरंय. पुण्यात बसून त्याचा जीव टांगणीला. पर सांगलीत तिला कोण ओ दील?

तुमी धाडलेली पैली बाई गुणाची, पर मेलेल्या माणसाच्या नावाला ओ देत न्हाई म्हणली. दुसरी द्यायची, ती अशी भीत भीत की म्हातारीच दचकायची. मग ही म्हसवडची तानुबाई. हातातलं काम न टाकता म्हणायची, ओ, आले गं आई. बस. म्हातारी निवांत. जेवाय लागली, केस विंचरून घ्याय लागली, रस्ता इसरली.

मग का गेली? तेच सांगतोय की — च्या गार हुतोय तुमचा.

कसंय ताई, लेक घरात आली, म्हंजे म्हातारीबी तवाची झाली. मग नवरा तवाचा नगं? मी असा पांढरा, काठी घेऊन बाजंवर बसलेला. एक दिस पदर सावरून तानुबाईला म्हणली, मंगल, ह्या पाव्हण्यांना च्या दे, लांबनं आलेत. म्हणलं, असू दे, इसरंल. रोज च्या यायचा. मग एकदा दारात हुबी ऱ्हाऊन म्हणली,

‘पाव्हणं, दिस कलला, निगा आता. घरात मालक न्हाईत.’

निगालो. तिचा सबूद कवा मोडला न्हाई, तवा काय मोडायचा. देवळात जाऊन बसलो. घर दिसत हुतं तिथनं. दिवा लागला, दोघींचं हसणं ऐकाय येत हुतं — मंगल असताना असंच हसायच्या — आन् काय झालं मला कुणास ठावं, घरी येऊन तानुबाईला म्हणलं, सकाळच्या बशीनं जा. तिनं कारणबी इचारलं न्हाई. रडली नुसती. जेवणाचं मी रचलं. आई मला पाव्हणा म्हणती म्हणून बाई घालवली, असं पोराला कुठल्या तोंडानं सांगू?

ती गेल्यावर म्हातारी परत मला आवं म्हणाय लागली. लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आवं, पाणी द्या. आवं, मंगल कुठं गेली? — आन् परवा उसात घावली. सगळा गाव हुडकत हुता. पाल्यानं तोंड, हात कापलेलं, तरी हाका चालूच.

नवी बाई बघू नगा. तानुबाईलाच बोलवा, तुमचं ऐकंल ती. मी गोठ्यात झोपीन. पाव्हणा म्हणून सकाळी च्याला येईन, दिस कलला की निगंन. तेवढं विश्वजितला जेवणाचंच ऱ्हाऊ द्या. करा फोन — हितं नगं, रस्त्याला जाऊन करा.

उठली वाटतं. ऐकलंसा? आवं म्हणती. — जावा आता ताई, मला आत जाऊ द्या.