टेपवरची ओवी

शिकागो, १९८६. एका फ्रेंच संगीतकाराचा कॉन्सर्ट नुकताच संपला होता. कोट घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे मराठी नवरा-बायको होते.

“गिरीश, टेपवरचा तो आवाज आईंचा होता.”

“हळू बोल, वीणा.”

“अंजना त्याला आपल्याकडे घेऊन आली होती, आईंच्या ओव्या रेकॉर्ड करायला. आणि त्याने नेमकं मधलं बोलणंच उचललं!”

“इथे मराठी कुणाला कळतंय?”

“‘अंजनाचा कप वेगळा ठेव.’ अकरा वेळा रिपीट केलंय. माझं ‘हो आई’सुद्धा.”

“लोक तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.”

“अंजना माझ्या शेजारीच बसली होती, गिरीश.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली, ‘तो मला या ओवीचा अर्थ विचारतोय, वहिनी. काय सांगू?’”