धाकटीची गिटार, थोरलीची कानस

...आणि याला म्हणे वाद्य म्हणायचं! मान वाकडी, खुंट्या ढिल्या, रंग असा थापलेला की खाली लाकूड आहे की पुठ्ठा, देव जाणे! थांबा थांबा, मधूनच सांगायला लागले. तर ऐका. एका घरात दोन जावा राहत होत्या, खाली थोरली, वर धाकटी. थोरलीला एक नात, धाकटीला एक नातू, आणि दोघांना एकाच आठवड्यात आल्या विजेवरच्या गिटारी! कारण काय, तर कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाल्याची जागा एकच, आणि निवड रविवारी.

वरची कशी आली? मखमलीच्या पेटीत, जशी राजकन्या! आणि खालची? फाटक्या खोक्यात, अंगभर थर्माकोलचा भुगा घेऊन. धाकटी जिन्यातूनच ओरडली, "जाऊबाई, आमचीला पाच वर्षांची गॅरंटी आहे हो! तुमचीला?" आता तुम्हीच सांगा, फाटक्या खोक्याला कसली आलीय गॅरंटी? पण थोरली जळत नव्हती हो. नुसती बघत होती.

बघणारच! नवऱ्यानं जन्मभर खुर्च्या जोडल्या आणि हिनं त्या घासल्या, लाकडावरून नुसता अंगठा फिरवला तरी खोट सापडायची तिला. आणि इथं अंगठा फिरवायचीही गरज नाही, नातच किंचाळली, "आजी, बोट कापलं!" मानेवर त्या धातूच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात ना, त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. गिटार आहे की किसणी? तारा एवढ्या उंच की खालून उंदीर पळावा. आणि सकाळी सुरात लावावी, तर चहा उकळेपर्यंत खुंट्या आपापल्या जागी परत! नात रडकुंडीला आली. "आजी, यावर नाही गं वाजणार रविवारी."

मग थोरली वर गेली. विरजण मागायला! अहो, स्वतःच्या घरात पातेलंभर दही असताना! धाकटी स्वयंपाकघरात वळली तशी हिनं राजकन्येच्या मानेवरून अंगठा फिरवला... लोणी! नुसतं लोणी! कुठं टोक नाही, कुठं फट नाही. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदाही... पण जळत नव्हती हो. नुसती बघत होती. आता बघता बघता पेटीतलं ते जाड, गुळगुळीत गॅरंटी कार्ड तिच्या पदरात कसं आलं, ते त्या पदरालाच ठाऊक.

खाली येऊन तिनं नवऱ्याची कानस काढली, लाकडाला ओरखडा नको म्हणून चिकटपट्टी लावली, आणि एकेक टोक घासलं. तार अडकून सूर उतरायचा, त्या खाचेत शिसपेन्सिलीची भुकटी भरली. वायर खुपसायच्या भोकाचा नट ढिला होता, तो पिळला. मग स्क्रू काढून मान उचलली, तर सांध्यात ही फट! तिथं जाड, गुळगुळीत असं काहीतरी घडी करून दडपायला हवं होतं... हां, तुम्ही ओळखलंत! दडपलं, स्क्रू आवळले, आणि तारा खाली बसल्या, शहाण्या मुलींसारख्या.

उजाडला रविवार. आणि वरच्या राजकन्येचा आवाज कर्र झाला नि गेला! धाकटी गरजली, "गॅरंटी आहे आपल्याला! कार्ड काढ!" कुठलं कार्ड? गाद्या उलटल्या, कपाटं उपसली. दुकानदार फोनवर म्हणतो, "कार्ड नाही तर आम्ही ओळखत नाही."

थोरली खाली बसून सगळं ऐकतेय. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. जागा एकच. गप्प बसलं की झालं, नाही का? तेवढ्यात नातू खाली आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "जाऊ दे, मोठी आजी. तिला मिळू दे. तिची बोटं किती फुटली होती."

मेला एवढा चांगला कशाला वागतो! भांडला असता तर सोपं गेलं असतं!

"आण ती राजकन्या इकडे," थोरली म्हणाली. भोकाची चकती उघडली, आणि काय सांगू तुम्हाला... नट ढिला! तस्साच, खालच्या खोकेवालीसारखा! महागाच्या पोटातही नट ढिलाच! तेवढ्यानं थोरलीचं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं. पान्यानं दोन पिळे दिले, आवाज खणखणीत.

आणि देवाची करणी बघा, बँडचे सर म्हणाले, "एकीचा आवाज धारदार, दुसऱ्याचा गोड. दोघंही घेतो!" घरात नुसता आनंदीआनंद. पहिल्या कार्यक्रमाला दोघी जावा पुढच्या रांगेत. धाकटी शेजारणीला सांगतेय, मोठ्यानं हं, "दुरुस्ती कसली, हात लावताच सुरू झाली. शेवटी गॅरंटीची वस्तू! हो की नाही जाऊबाई?"

थोरलीनं तोंड उघडलं. समोर नात वाजवत होती, तारा कशा शहाण्यासारख्या बसलेल्या... तोंड मिटलं.

"हो गं बाई," म्हणाली, "तुझ्या गॅरंटीवरच तर चाललंय आमचं सगळं."