एल्बर्टची टेप

व्हर्ना : नाही हो भाऊ, तेव्हा कुठली तुमची रेकॉर्ड कंपनी नि काय! माझ्या धाकट्या बहिणीचं, रूबीचं लग्न झालं ते साल बावन्न. त्या लग्नातच एल्बर्ट तुमच्या कानाशी लागला होता, रेकॉर्डिंगचं मशीन आणा म्हणून.

होझेया : लागणारच, वहिनी. न्यूयॉर्कच्या कंपनीवाल्यांनी त्याची फसलेली तान त्याला न विचारता रेकॉर्डवर घालून विकली होती. आपली अख्खी हेस्टिंग्स स्ट्रीट हसत होती.

व्हर्ना : घराबाहेर पडेना माझा नवरा.

होझेया : म्हणून तर माझ्या सलूनच्या तळघरात मशीन आणलं. सोमवारी वर सलून बंद, खाली जॅझ चालू. कायदा एकच. वाजवणारा 'पूस' म्हणाला, की त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचं. त्या एका शब्दावर लोक यायचे. नाहीतर मी काय देत होतो? तळलेला मासा!

व्हर्ना : तोही खारट.

होझेया : पुढं हायवेसाठी अख्खी गल्ली पाडली, चांगले वादक मोठ्या कंपन्यांनी उचलले. शब्द तेवढा राहिला, नि हे मशीन. आता एल्बर्टची ही शेवटची टेप.

व्हर्ना : ही पुसायची नाही.

होझेया : तो 'पूस' म्हणाला.

व्हर्ना : आणि खोकत कोसळला, तो तसाच दवाखान्यात. डोळ्यांदेखत कुठं पुसलीत? तुमच्याच कायद्यानं ती राहिली.

होझेया : म्हणून तुम्हाला बोलावलं. त्याच्या जागी तुम्ही बसायचं.

व्हर्ना : अरे दगडा! माती देऊन आठवडा झाला नाही, नि त्याचा शेवटचा सूर माझ्यासमोर पुसतोस?

होझेया : ही बाजारात काढली तर माझी कंपनी पुन्हा उभी राहील, वहिनी. ठाऊक आहे मला.

व्हर्ना : मग काढ! नाहीतर एकदा लाव. एकदाच.

होझेया : एकदा लावली तर पुसवणार नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.

व्हर्ना : नको पुसू! तो काय उठून येतोय भांडायला?

होझेया : तेच तर. त्याच्या बाजूनं भांडायला आता कोण आहे?

व्हर्ना : ...कसं वाजवलं रे? तू तर होतास.

होझेया : दम पुरत नव्हता. सूर उचलायचा, तो अर्ध्यातच निसटायचा. शेवटी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं नि म्हणाला, "पूस. व्हर्नाला हे ऐकू देऊ नकोस."

व्हर्ना : माझं नाव घेतलं?

होझेया : घेतलं.

व्हर्ना : खोटं बोलत असलास तर देव बघून घेईल.

होझेया : बघू दे.

व्हर्ना : पुसायचं बटण कुठलं?

होझेया : ते लाल. जोरानं दाबा, अडकतं.

(टेप शेवटपर्यंत फिरते.)

व्हर्ना : झालं?

होझेया : झालं.

व्हर्ना : लोक विचारतील, शेवटी काय वाजवलं त्यानं.

होझेया : सांगेन, एल्बर्ट टॅन्सिल चौऱ्याहत्तर साली मार्चमध्ये गेला, दुसऱ्या मंगळवारी. त्या सालची आमच्याकडे एकही टेप नाही.