बाटलीच्या काचेवरचे कण

भाची : खिसे उलटे कर, मामा.

मामा : करतो. रुमाल, भिंग, सुयांची डबी. झालं समाधान? जन्मभर लोकांच्या कोटांचे खिसे रफू केले, माझ्या खिशाची झडती मात्र आज पहिल्यांदाच झाली.

भाची : हसण्यावारी नेऊ नकोस. डोळ्यांच्या दवाखान्यातून आज तिसऱ्यांदा परत पाठवलं आपल्याला. साखर तीनशे दहा! एवढ्या साखरेवर ते मोतीबिंदूला हात लावत नाहीत. दोन महिन्यांत डोस दोनदा वाढवला, सकाळ-संध्याकाळ मी स्वतः टोचते, तरी आकडा चढताच. म्हणजे तू चोरून काहीतरी खातोस.

मामा : डॉक्टरांनाही तेच सांगितलंस. माझ्यादेखत. मी खोलीत नसल्यासारखं.

भाची : मग काय सांगू? बिस्किटांच्या बरणीवर पेनाने खूण केली होती मी. परवा बघितलं, तर दोन बिस्किटं कमी.

मामा : खूण! तरीच मी बरणी पुसायला घेतली तर खेकसलीस.

भाची : खाल्लीस की नाही?

मामा : ते राहू दे. आता मी विचारतो. तू मला काय टोचतेस?

भाची : म्हणजे?

मामा : इन्सुलिनच टोचतेस ना? की दुसरंच काही?

भाची : मामा!

मामा : ओरडू नकोस, मोतीबिंदू डोळ्यात आहे, कानात नाही. तू प्रथिनांच्या प्रयोगशाळेत काम करतेस. तिथे नळ्या, बाटल्या, काय काय असतं. आणि तुझी झालीय बदली. मी रफूचं दुकान बंद करून तुझ्याबरोबर यावं, असं तुझ्या मनात आहे. डोळे सुधारले तर मी परत सुई हातात धरणार. नाही सुधारले तर गपगुमान तुझ्यामागे येणार.

भाची : म्हणून मी तुला पाणी टोचते? तुला? पाच वर्षांची असल्यापासून तू वाढवलंस मला.

मामा : बोलताना मलाही वाईट वाटतंय, पोरी. पण तीन आठवडे हा किडा डोक्यात वळवळतोय. रात्री नाही, दिवसाउजेडी. दुकानात बसलो की सुरू.

भाची : कशावरून आला हा किडा?

मामा : बाटलीवरून. त्या दुधाळ औषधात कण आहेत. तुला दोनदा सांगितलं होतं.

भाची : आणि मी म्हटलं, तुला तुझा मोतीबिंदूच दिसतोय.

मामा : म्हटलंस आणि हसलीस. मग मी डावा डोळा भिंगाला लावला आणि बाटली खिडकीकडे धरली. या डोळ्याला अजून थोडं दिसतं. जुन्या लोकरीवर गोळे धरतात ना, तसे बारीक गोळे होते. लोकरीचे गोळे मला कोणी शिकवू नयेत.

भाची : भिंगातून धूळसुद्धा...

मामा : आणि सुई? दोनदा सुई अडली होती. तू 'वाकडी आहे' म्हणून बदललीस आणि पुढे टोचलंस.

भाची : ...हो. अडली होती. ती बाटली कुठंय?

(मामा सुयांच्या कपाटातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून तिच्या हातात देतो.)

मामा : मागच्या महिन्याची. तू टाकून दे म्हणालीस, मी ठेवली. तळाशी थोडं उरलंय. उद्या तू कामाला गेलीस की डॉक्टरांकडे नेणार होतो, एकटा.

भाची : एकटा? तुला रस्ता ओलांडता येत नाही!

मामा : रिक्षावाल्याला सांगितलं होतं. घोळव ना, घोळव तळहातात. एकजीव होतं का बघ.

भाची : घोळवतेय.

मामा : काय?

भाची : नाही होत. काचेला चिकटलेत.

मामा : मग? याचा अर्थ काय?

भाची : मी गोठवल्या.

मामा : काय?

भाची : सहाही बाटल्या. औषधाच्या दुकानात टंचाई होती म्हणून एकदम आणल्या होत्या. मुदत जवळ आलेली. मी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. महिन्याला एक खाली काढायची. आम्ही प्रयोगशाळेत प्रथिनं तशीच टिकवतो, आणि इन्सुलिन हेही प्रथिनच. हाताला सवय आहे.

मामा : खोक्यावर गोठवू नका असं लिहिलेलं नसतं?

भाची : असतं. मी वाचलंही. मला वाटलं, ते बाकीच्या लोकांसाठी लिहितात.

मामा : वा.

भाची : आमच्या नळीत निम्मं ग्लिसरीन असतं, त्यामुळे आतलं प्रथिन गोठतच नाही. यात ते नावापुरतं आहे. खोक्यावर ग्लिसरीन शब्द दिसला आणि मी निश्चिंत झाले. दहा वर्षांची नोकरी आहे माझी, मामा. एवढं कळायला नको?

मामा : मला नीट सांग. बर्फाने काय केलं त्याचं?

भाची : इन्सुलिन म्हणजे धागाच समज. पण ठरल्या घड्या घातलेला. त्या घड्यांमुळे त्याला आकार येतो आणि तो पेशीवरच्या जागेत बसतो, काजात बटण बसावं तसा. बसला की पेशी रक्तातली साखर आत घेते. बर्फाने घड्या बिघडल्या, कण एकमेकांना चिकटले. आता काजात बसणार कोण? पेशी उपाशी आणि साखर रक्तातच.

मामा : आणि तू माझे खिसे तपासत होतीस.

भाची : हो.

मामा : दोन महिने.

भाची : हो, मामा. चुकले मी. तुझं ऐकलं असतं तर एव्हाना ऑपरेशन होऊन गेलं असतं. दुकान बंद व्हावं असं मनात आलं होतं, तेही खोटं नाही. पण त्यासाठी तुझे डोळे... तसं कधीच नाही.

मामा : रडू नकोस, बाटली सांडशील. आता नवी आणायची ना?

भाची : आज आणते. पण आधी डॉक्टरांना विचारते. हा वाढवलेला डोस चांगल्या औषधाचा दिला तर साखर इतकी उतरेल की जागेवर कोसळशील.

मामा : म्हणजे त्यांना सगळं सांगावं लागणार.

भाची : सांगेन. तुझ्यादेखत.

मामा : खरं बोलायची वेळ आलीच आहे, तर ती दोन बिस्किटं मीच खाल्ली.

भाची : मला माहीतच होतं!

मामा : दोनच. चहात बुडवून. आता बरणीवरची ती खूण पूस.

भाची : पुसते. आणि यापुढे टोचायच्या आधी बाटली तुझ्या हातात देईन. तू बघ, तू हो म्हण, मगच टोचेन.

मामा : आणि एखाद्या दिवशी भिंगातूनही दिसलं नाही तर?

भाची : मग काय करू?

मामा : मग तू बघून सांग. तू सांगशील ते खरं धरीन.