बाजूच्या सीटचा ब्रेक

— नको, पाणी नको मॅडम, बसतही नाही मी, हे झेरॉक्स काढून वर येतील एवढ्यात, खाली गर्दी आहे म्हणून जरा वेळ मिळाला — तेवढ्यात एकच सांगायचं होतं. तो फोनचा मुद्दा सोडून द्या. पोलिसांना फोन कुणी केला, तो. बाकी कोर्टात तुम्हाला हवं ते विचारा — मशीन बिघडलेलं होतं म्हणा, फुंकायची नळी बदलली नाही म्हणा, रक्त उशिरा घेतलं म्हणा — त्यातलं तुम्हालाच कळतं. पण ते फोनचं रेकॉर्डिंग मागवून काय करायचंय आपल्याला? केस लांबेल उगाच. नाही लांबणार? बरं, नाही लांबली तरी — कशाला कुणाच्या वाटेला जायचं.

बघा ना, तुम्हालाही ह्यांनीच गाडी शिकवली. विसरला नसाल. अर्धं गाव ह्यांच्याकडून क्लच सोडायला शिकलंय. त्या दिवशी ज्या हवालदारानं ह्यांना फुंकायला लावलं ना, तोही ह्यांचाच विद्यार्थी. रिव्हर्स घेताना कुणाच्या तरी कुंपणाची भिंत पाडली होती त्यानं, तेव्हा ह्यांनीच निस्तरलं होतं सगळं. ‘सर, जरा जोरात फुंका’ म्हणाला म्हणे, आणि म्हणता म्हणता रडायलाच लागला. हसा, हसा, मीही हसले होते ऐकून — मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले. लायसन्स गेलं की आमचं ड्रायव्हिंग स्कूल गेलं मॅडम. पिऊन पकडलेल्या माणसाकडे कोण आपली लेक पाठवेल गाडी शिकायला?

माणूस वाईट नाही हो. धाकटे दीर अपघातात गेले, तोवर ह्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. दोघा भावांनी मिळून काढलेलं हे सगळं, पाटीवर अजून दोघांची नावं आहेत. सकाळची मुलं दीर घ्यायचे, संध्याकाळची हे. आता दोन्ही हेच. शिकवताना मात्र कधी नाही हं — शपथेवर सांगेन. शेवटचा विद्यार्थी उतरला की मग. मग घरी यायचं ते गोदामांच्या मागच्या रस्त्यानं. तिथं पोलीस उभे राहत नाहीत ना — म्हणजे तोवर राहत नव्हते.

आणि ह्यांचं डोकं तिथंच अडकलंय. त्या रस्त्यानं मी येतो हे कुणाला ठाऊक? जेवताना तेच, झोपताना तेच. आता म्हणतात, पलीकडच्या चौकातला तो दुसरा ड्रायव्हिंग स्कूलवाला, त्याचंच काम. परवा त्याच्या दुकानात जाऊन कॉलर धरली त्याची, चार लोकांसमोर. तो बिचारा हात जोडून सांगतोय, भाऊ, मी नाही. दीर गेले तेव्हा दवाखान्यात आमच्याबरोबर बसून होता हो तो माणूस. त्याचं नाव नका येऊ देऊ. आणि नाव न सांगता केलेल्या फोनला अशी काय किंमत? बाई एवढंच तर म्हणाली, शिकाऊ गाडी आहे, गोदामांकडून येईल, थांबवा तिला — एवढ्यावरून काय सिद्ध —

काय? बाई? मी बाई म्हटलं?

…दार लावू का जरा?

मुलीचा फोन आला होता. क्लासच्या बाहेरून. हे तिला आणायला गेले होते आणि गाडी फुटपाथवर चढवून उभी केलेली. मी म्हटलं, बसू नकोस, काहीही कारण सांग, चालत ये. तर ती म्हणते, आई, मी नाही बसले तर बाबा एकटेच येतील. मी बसते, आपल्या गाडीला बाजूच्या सीटलाही ब्रेक आहे ना, त्यावर पाय ठेवते. तुम्हाला आठवत असेल तो ब्रेक, तुमचं चुकलं की हे दाबायचे. लोकांच्या लेकी वाचवायला ह्यांचा पाय असायचा तिथं — आणि त्या दिवशी तिथं माझ्या लेकीचा. मी काय करायला हवं होतं, सांगा? ह्यांना फोन करावा तर हे चालवता चालवता उचलतात. लावला पोलिसांना. आवाज बदलायचंही सुचलं नाही. मला वाटलं, सगळे ह्यांच्याच हाताखालून गेलेले, गाडी बाजूला घेतील, दोन शब्द सुनावतील, रिक्षानं घरी पाठवतील. खरंच तसं वाटलं होतं मॅडम. कोर्ट, लायसन्स, तुमचं हे ऑफिस — ह्यातलं काहीही मनात नव्हतं.

मुलीला माहीत नाही. ती म्हणते देव पावला. आणि ह्यांना कळलं तर — नाही, मारणार नाहीत, कधी हात उगारला नाही त्यांनी. नुसते बघतील माझ्याकडे. भाऊ गेल्यापासून त्यांना विश्वासाचं असं एकच माणूस उरलंय हो, आणि त्याच माणसानं…

अशा का बघताय?

ह्यांच्या वकील. हो, कळलं — वकीलपत्रावर सही ह्यांची आहे. म्हणजे मी जे आत्ता बोलले ते तुम्ही ह्यांच्यापासून लपवू शकत नाही? पण मी तुम्हाला आपल्या वकील समजून — दोघांच्या. घरात तसंच म्हणतो ना आपण, आपली गाडी, आपली केस.

आणि ते रेकॉर्डिंग आलंय? कधी? सकाळीच? मग तुम्ही ऐकलंय. म्हणजे मी दारातून ‘येऊ का मॅडम’ म्हटलं तेव्हाच तुम्ही ओळखलंत. आणि तरी बोलू दिलंत मला.

पुसून टाकता येत नसेल. नाही, कळतं मला, नका सांगू. तुमच्या पाया पडले तरी —

जिन्यात आहेत. हल्ली दम लागतो, वळणावर थांबतात. मॅडम, तुम्ही नका काही सांगू. तुमच्या तोंडून नको.

— या. मिळाल्या सगळ्या प्रती? घाम पुसा आधी. काही नाही, मॅडम म्हणत होत्या, ते फोनचं रेकॉर्डिंग आलंय. हो, आजच. नाही, त्या चौकातल्या माणसाचा आवाज नाहीये. अहो, उभे नका राहू. इथं बसा, माझ्या शेजारी. बसा म्हणते ना.

लावा मॅडम.