विलास सरांचा साधा फोटो

मी मूळचा कुंभार पिंपळगावचा, अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. मी नवीन जालन्यात येऊन लग्नाचे फोटो काढायला लागलो, तिथं विलास सरांनी त्यांच्या कराटे क्लासचे फोटो काढायला बोलावलं. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया. लाथ दिसली की मी बटन दाबायचो अन् फोटोत पाय परत जमिनीवर. सर म्हणले, रशीदभाई, पायाकडं काय बघता, पाय सगळ्यात शेवटी निघतो, कंबर बघा, त्याच्याआधी श्वास बघा. काय सांगू तुम्हाला, मंग जमलं. श्वास रोखला, खांदा जरासा पडला की दाबायचं, लाथ आपोआप येती फोटोत. बाकीचे फोटो, नुस्तं उभं राह्यलेले, घाम पुसणारे, ते मी त्याच दिवशी उडवून टाकायचो. ते कोण घेतंय?

मागच्या उन्हाळ्यात सर बदनापूरहून मोटरसायकलवर येऊन राह्यले व्हते, ट्रकनं उडवलं. जागीच गेले.

सुनीतावहिनी, त्यांच्या घरच्या, माझ्या फोटोच्या दुकानात आल्या. म्हणल्या, भिंतीवर लावायला एक द्या, साधा. मी सगळे उघडून दाखवले. सर हवेत, सर फरशी फोडताना, सर ओरडताना. वहिनी म्हणल्या, हे घरात कधी ओरडले न्हाईत हो, पोरगी भिईल. मंग एक सत्काराचा निघाला. त्यात सर बराबर उभे व्हते, पण समोर पुढाऱ्याचा हार एवढा, की सरांचा नुस्ता कान दिसत व्हता. पुढाऱ्याची नजर मात्र बिलकुल कॅमेऱ्यात. त्या लोकांना वेळ साधायचं शिकवावं लागत न्हाई.

शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून दिला. त्यात जिता माणूसबी गेल्यावानी दिसतो. वहिनींनी पदरानं काच पुसली, म्हणल्या, असू द्या.

आता क्लासात झुंज संपली की मी पोरांना थांबवतो, हात खाली सोडा म्हणतो, अन् एकेकाचा साधा फोटो काढून ठेवतो. पोरं हसत्यात, चाचा, झोपू का आता? हसू द्या.

परवा सरांच्या घरी गेल्तो. पोरगी बोलायला लागली, गोड बोलती. मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं, फोटो दाखवला, म्हणली, हे काका. मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणल्या, आधी सांगत व्हते मी, बाबा हायेत म्हणून. आता न्हाई सांगत, मलाच त्यात ते दिसत न्हाईत. चहा घ्या.

अल्ला पोरीला सलामत ठेवो.