जेठासमोर लाल नाक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे उखा आबा. शाल पांघरून बसलेले भूषण सर. स्टेजवरची बाकी मोठी मंडळी, त्यात आमचे जेठ, म्हणजे थोरले दीर, त्यांचं नाव मी घेत नाही, मागे बॅनरवर छापलंय. आणि समोर बसलेले शिंदखेड्याचे बठ्ठे लोक, तुम्हा सगळ्यांना सारिकाचा नमस्कार.

आबा आत्ता कानात बोलले, "सारिका, सरांबद्दल दोन शब्द, चांगलेच." आबा, मी सातवीतून शाळा सोडली. चांगले-वाईट निवडायला शिकवलं नाही मला.

सर पुण्याचे. युरोपात जाऊन जोकर शिकून आले. तिकडे त्याची शाळा असते म्हणे, पडायला शिकवतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, म्हणजे आपल्या तमाशातला सोंगाड्या ना?" सर हसले. "नाही ताई, हे क्लाउन. ह्याचं शास्त्र आहे." शास्त्र काय? एक जण शिडी घेऊन वळतो, दुसऱ्याच्या डोक्याला लागते. तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या ह्याच्यावर हसतायत. हसू द्या बिचाऱ्यांना, कामं नसतील.

जुने खेळ असतात, त्यात दोघं. एक पांढऱ्या तोंडाचा साहेब, हुकूम सोडणारा. दुसरा लाल नाकाचा बावळट, मार खाणारा. हात धुवा, पाणी उकळा, हे गावोगावी सांगायला संस्थेला असे जोकर पाहिजे होते. साहेब झाले आमचे जेठ. संस्थेची गाडी चालवतात, उंच आहेत. बाया मिळेनात तर त्यांनीच माझं नाव दिलं, "घरनीच शे, टाका." घरचीच पडले ना. बावळट मी. घरी तेच काम होतं, शिकायला वेळ लागला नाही.

थापड कशी शिकवली सांगू? मारणारा नुसता हवेत हात फिरवतो. फटकन आवाज मार खाणाऱ्यानेच काढायचा, खाली हळूच, आपल्या दोन्ही हातांनी. केवढी मोठी विद्या! आमच्याकडे उलटं असतं सर. थापड खरी असते, आवाज काढायचा नसतो.

तर जेठांनी हात उचलला आणि मी काय केलं? पदर खाली ओढला, पाठ करून उभी राहिले. खेळच विसरले. जेठासमोर आम्ही तशाच उभ्या राहतो, अंगाला सवय आहे. सर उडालेच! "हेच! ताई, हेच ठेवा! सोनं आहे हे!" मग ठरलं. साहेबाने हात उचलला की मी तोंडभर पदर घ्यायचा, दिसत नाही म्हणून बादली घेऊन चाचपडायचं, आणि पाणी ओतायचं साहेबावरच. मी म्हटलं, "सर, हे नको. घरी चालायचं नाही." सर म्हणे, "घाबरायचं नाही, खेळायचं." पुण्याच्या माणसाला खेळायला काय जातं?

धुळ्यात हॉल हसून लोळला. नशिराबादला बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टेजवरचे हे पाव्हणे तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर होते, मांड्यांवर थापा मारत होते. आणि आमच्या गल्लीत पोरं जेठांना बघून डोक्यावर टॉवेल ओढायला लागली.

सासूबाई बोलल्या. "बठ्ठा गावमा मना पोऱ्यानी इज्जत काढी तू. आते पोरले हात लावू नको." पोर म्हणजे भुरी, माझी पोरगी, तिचं अंगावरचं दूधपण तोडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला पाचोऱ्याला नणंदेकडे नेऊन ठेवली. भुरीचे पप्पा सुरतला कामाला. फोनवर म्हणतात, "आईला विचार."

सरांकडे गेले. म्हटलं, घरी येऊन एक शब्द बोला. सर म्हणाले, "ताई, हा तुमचा घरचा प्रश्न. पण हे दुःख जपून ठेवा, स्टेजवर कामाला येईल." असे आपले गुरुजी. शाल मात्र चांगली निवडली तुम्ही त्यांना. आबांकडे गेले. आबा म्हणाले, "कार्यक्रम होऊ दे, मग बघू." आबा, संध्याकाळी सर पुण्याला जातील, सासूबाई भुरीला घेऊन पाचोऱ्याच्या गाडीत बसतील. मग तुम्ही काय बघाल?

आज जेठांचाही सत्कार आहे, म्हणून घरचे सगळे आलेत, भुरीलाही पाचोऱ्याहून आणलंय. भुरी तिथे आहे, खुर्च्यांच्या कडेला, सासूबाईंच्या मांडीवर. माझा आवाज ऐकून मघापासून मान वळवतेय. मला भीती वाटतेय. घरी मी तिला घ्यायला गेले तर माझा हात धरतात. रस्त्यातही धरतील. इथे तुम्ही बघताय. आमचं घर दुसऱ्या कशाला भीत नाही, लोकांच्या नजरेला भितं. बादलीतल्या पाण्याकडे तुम्ही डोळे फाडून बघत होता ना? आता तसंच बघा.

सरांचे आभार, कारण मानायची पद्धत आहे. जेठांचे आभार, माझं नाव त्यांनीच दिलं. आबांचे आभार, माईक हातात दिला. बोलताना कोणाला लागलं असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर अडाणी बाई म्हणून सोडून द्या.

मी खाली उतरतेय. सासूबाई, उठू नका, मीच येते. आणि तुम्ही कोणी टाळ्या वाजवू नका, पोर दचकेल. नुसतं बघत राहा.